दाढी

दादाने त्या दिवशी दाढी केली होती. म्हणजे त्याने नाही, मीच केली, आईने गरम पाणी आणून ठेवलं आणि तो गप्प बसून राहिला. सिव्हिल हॉस्पिटलला अपंग सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं होतं आणि त्यांच्यापुढे असं गबाळं कसं जायचं, असं आईचं म्हणणं.

हा माझा मोठा भाऊ. चाकणला एका कंपनीत बारा वर्षं मशीनवर होता, शिफ्ट कधी चुकवली नाही, आणि एके दिवशी कंपनीच्या बसच्या थांब्यावरून घरी परत आला तो पुन्हा गेलाच नाही. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन दोन वर्षं झाली. कोपऱ्यात ते अंथरूण दिसतंय ना, ते दिवसासुद्धा गुंडाळलं जात नाही.

डिप्रेशनमुळे अपंग सर्टिफिकेट मिळू शकतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. पण नुसत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भागत नाही, आजारामुळे माणसाचं किती अडतंय ते मोजतात. त्याला आयडियाज म्हणतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, जितकं जास्त अडतं तितके जास्त, शिवाय गेल्या दोन वर्षांत किती महिने आजारी होता त्याचे वेगळे. 20 पैकी 7 आले तर 40 टक्के होतात, आणि सगळ्या सवलती त्या 40 वर अडलेल्या.

आत विचारलं, आंघोळ करता? दादा म्हणाला, हो. लोकांशी बोलता? हो. झोप? बरीये. त्याचा स्वभावच तसा आहे हो, मोठ्या माणसाने विचारलं की सगळं बरंच असतं. समोर गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि आई दाराबाहेर बाकावर बसलेली. टक्के 40 च्या खाली आले, म्हणून पांढरं दिव्यांग कार्ड. मला आजही त्या दाढीचं वाईट वाटतं.

आणि कार्ड मिळालं म्हणजे पैसे मिळाले असंही नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला आता महिन्याला 2500 मिळतात, आधी 1500 होते, पण घरचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. वहिनी दुकानात कामाला जाते, तेवढ्यानेच आम्ही बाहेर. दादा सरकारी नोकरीत असता तर गोष्ट वेगळी होती, तिथे अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. डिसेंबर 2021 मध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मानसिक आजार असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई चालवणं हा भेदभाव ठरवला, त्यालाही डिप्रेशन होतं. प्रायव्हेटमध्ये बारा वर्षं मशीन चालवलेल्याला मात्र हिशोब मिळाला आणि विषय संपला.

आता पुन्हा अर्ज केलाय. या वेळी आई आत येणार, तिने सांगूनच ठेवलंय. भिंतीवरचं कालनिर्णय बघा, ज्या दिवशी दादाने आंघोळ केली त्या तारखेला तिने पेनाने गोल केलाय, जेवला नाही तिथे फुली. हा मार्चचा महिना. गोल चार आहेत.

सोमवारी ती हे कॅलेंडर खिळ्यावरून काढून पिशवीत घालणार आहे.