लाल टिपके, काळे चौकोन

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, दिवेलागण)

संध्याकाळचे सात वाजलेत. सोलापूरच्या पूर्व भागात मागांची खटखट अजून थांबलेली नाही. उंबऱ्याशी बसलेल्या बाया सूप मांडीवर घेऊन विड्या वळताहेत. क्लास सुटलेल्या तीन मुली गल्लीच्या तोंडाशी उभ्या आहेत. पुढं अंधार आहे. चौथी आली की मिळूनच निघतील.

(दृश्य: फरशीवर पसरलेला नकाशा, स्केचपेन धरलेले हात)

हा नकाशा त्यांच्या गटानं काढलाय. वहीची पानं चिकटवून. गटातल्या कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कानडी, कुणाच्या उर्दू, नकाशावर मराठी. आठ-दहा संध्याकाळी पायी फिरून त्यांनी खांब मोजले. हिरवा टिपका, म्हणजे दिवा लागतो. लाल टिपका, म्हणजे नुसता खांब. काळा चौकोन ठरवताना मात्र बराच वेळ वाद चालला.

एक मुलगा म्हणाला, "दिवा हाय की अक्का तिथं."

"दिवा हाय रे. पण तिथं उभी ऱ्हातात ती पोरंबी हायत."

चौकोन काढला गेला. मग दुसरा, तिसरा. दिवा असूनही जिथनं जायला नको वाटतं, अशा जागा तक्रारीच्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायच्या? ते रोज तिथनं जाणाऱ्या मुलीलाच विचारावं लागतं.

(दृश्य: चार हुतात्मा चौक, पुतळ्यांवरचं ऊन)

या शहराला तरुणांचं ऐकायची जुनी सवय आहे. 1930 साली सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. मे महिन्यात लोक रस्त्यावर आले, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीतले. आज 12 जानेवारी राष्ट्रीय युवा दिन म्हणूनही पाळतात. सोलापूरकरांना ही तारीख त्याच्याही आधीपासून पाठ आहे.

(दृश्य: इंद्रभुवन, महापालिकेचा जिना)

नकाशाची गुंडाळी घेऊन मुलं इंद्रभुवनात आली. रस्त्यावर दिवे लावणं हे महापालिकेचं बंधनकारक काम. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ते आहे. मैदानं आणि वाचनालयं कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. पैसा कमी पडला की ऐच्छिक मागं राहतं. पण घर एका खोलीचं, त्यात माग. पोरांनी संध्याकाळी बसायचं कुठं? अभ्यासिका उघडी असेल, मैदानावर दिवे असतील, तर कोपऱ्यावरचं टोळकंही तिकडं वळेल. हेही सुरक्षेचंच काम मानायला हवं.

बोलायचं कुठं, हाही प्रश्न आहे. कायद्यात क्षेत्रसभा आहे, म्हणजे आपल्या भागातल्या लोकांनी जमून बोलायची सभा, पण ती मतदारांची. म्हणजे अठराच्या आतली या नकाशाची निम्मी माणसं तिथं मोजलीच जात नाहीत. महापालिकेनं मनावर घेतलं तर प्रभागात वर्षातून दोनदा मुलांची सभा भरवता येईल. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या शाळा तिच्याच आहेत, खोल्या तिच्याच. पुण्यात 2006 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात. इथं सोलापुरात अंदाजपत्रकातला एक छोटा हिस्सा मुलांच्या सूचनांसाठी बाजूला काढावा, एवढंच मागणं आहे. आणि सुचवलेल्या कामाचं पुढं काय झालं ते त्यांना परत येऊन सांगावं. नकार असला तरी सांगावा.

काही खांबांवर दिवे लागले.

(दृश्य: पुन्हा फरशी, तोच नकाशा)

लाल टिपक्यावर हिरवं गिरवलं की रंग तपकिरी होतो. असे तपकिरी टिपके आता कागदावर दिसताहेत. काळे चौकोन होते तसेच आहेत.