बाहुलं तेच, हात नवा

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेत कॅरोल स्पिनी नावाचे 84 वर्षांचे एक गृहस्थ निवृत्त झाले. जवळजवळ 50 वर्षं ते एका पिवळ्या पक्ष्याच्या पोटात उभे राहत होते. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमातला हा बिग बर्ड, उंची 8 फूट 2 इंच. त्याच कुळातली ‘गली गली सिम सिम’ 2006 मध्ये आपल्याकडे आली. तिच्यातली चमकी तुमच्या घरातल्या मुलांनी पाहिली असेल, म्हणजे हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही.

त्या पक्ष्याच्या आत माणूस उभा कसा राहतो, ते आधी सांगते. उजवा हात सरळ डोक्याच्या वर धरायचा. तोच पक्ष्याची मान आणि तीच चोच. त्याच हाताच्या करंगळीनं पापण्या हलवायच्या. डावा हात म्हणजे डावा पंख. उजवा पंख रिकामाच असतो. मासे धरायच्या बारीक दोरीनं तो डाव्याला जोडलेला, म्हणून डावा खाली गेला की उजवा वर येतो. बाहेरचं थेट काही दिसत नाही. छातीशी बांधलेल्या छोट्याशा टीव्हीवर स्वतःलाच पाहत चालायचं, वळायचं, नाचायचं. संवादांचे कागदही आतच लावलेले. आज रात्री एक हात असा डोक्यावर धरून दहा मिनिटांचं बातमीपत्र ऐकून पाहा. वर त्या हातानं हसायचं, लाजायचं आणि रडायचंही आहे, हे लक्षात ठेवा.

स्पिनींना तोल सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा 2015 पासून आत दुसरा माणूस उभा राहू लागला. आवाज मात्र स्पिनींचाच राहिला. आतला माणूस होता मॅट व्होगेल. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो स्पिनींच्या हाताखाली तयार होत होता. आधी अधूनमधून पोशाखात शिरला, मग शरीर त्याच्याकडे आलं आणि सगळ्यात शेवटी आवाज. वीसएक वर्षं लागली या हस्तांतराला. पडद्यासमोरच्या मुलांना काही कळलंही नाही.

आता दुसरी गोष्ट. कर्मिट नावाचा हिरवा बेडूक. जिम हेन्सन यांनी 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाचं कापड कापून तो शिवला आणि पिंगपाँगचा चेंडू अर्धा करून त्याचे डोळे लावले. 16 मे 1990 रोजी, अवघ्या 53 व्या वर्षी हेन्सन अचानक गेले. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला, तो घरच्या माणसांच्या इच्छेनं आला. त्यांनी तो 26 वर्षं सांभाळला. 2016 मध्ये त्यांना कामावरून दूर केलं गेलं. जगाला ते कळलं जुलै 2017 मध्ये, आणि चाहत्यांत मोठा गदारोळ उठला. त्यांचं म्हणणं वेगळं, मालक कंपनीचं वेगळं. त्या भांडणात मी पडत नाही. पण कर्मिटच्या आत पुढे कोणाचा हात गेला? त्याच मॅट व्होगेलचा!

माणूस तोच, अंगातली कला तीच. बिग बर्ड त्याच्याकडे आला तेव्हा लोकांनी त्याला कौतुकानं स्वीकारलं. कर्मिट आला तेव्हा त्याचा एकेक शब्द डोळ्यांत तेल घालून तपासला गेला, ‘हा आमचा नव्हे’ असं म्हटलं गेलं. फरक होता तो बाहुली हाती कशी आली, यात. जुन्यानं नव्याच्या खांद्यावर सगळ्यांदेखत हात ठेवला, की निम्मं काम होऊन जातं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपल्या मराठीतही याचं उत्तम उदाहरण आहे. अर्धवटराव! यशवंत पाध्ये यांनी घडवलेला हा बोलका बाहुला आता शंभरी ओलांडून गेला. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये वडिलांच्या हाताखाली शिकले, 1967 पासून त्यांनी अर्धवटरावांना रंगमंचावर आणि पुढे दूरदर्शनवर बोलतं ठेवलं. आता सत्यजित ही तिसरी पिढी. ही विद्या किती अवघड, ते तुम्ही आत्ता घरबसल्या अजमावू शकता. ओठ न मिटता ‘पपई’ म्हणा. ‘मामा’ म्हणा. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं. ओठ हलवायचे नाहीत तर ती जिभेनं जवळपासच्या आवाजात काढावी लागतात, आणि ऐकणाऱ्याला फसगत कळता कामा नये. वर बाहुल्याचा स्वभाव वेगळा, बोलवणाऱ्याचा वेगळा, आणि दोघांचं भांडण एकाच गळ्यातून.

तरीही आवाज ही यातली सोपी बाजू आहे, हे मी आमच्याकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहिलं. तिथले गुरुजी हातमोज्याच्या बाहुलीनं गणित शिकवायचे. फेटेवाला म्हातारा, मुलं त्याला नुसतं ‘नाना’ म्हणायची. गुरुजी निवृत्त झाले, नाना नव्या बाईंकडे आला. बाईंनी आवाज अगदी हुबेहूब उचलला होता. पहिल्याच तासाला दुसरीतली एक पोरगी उठली, “बाई, नाना आज आमच्याकडं बघत काहून नाही?” बाईंचा चेहरा पडला. मग गुरुजींनाच बोलावणं धाडलं. ते आले आणि आवाजाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. बाईंच्या मनगटाला धरून त्यांनी नानाची मान हळूच वळवली, विचारणाऱ्या मुलाच्या पायापासून डोक्यापर्यंत. क्षणभर थांबवली. “आता बोला.” नाना उत्तर द्यायच्या आधी प्रत्येकाला असा न्याहाळायचा, आणि ते कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. गुरुजी आठवडाभर रोज वर्गात येऊन बसले. मुलांनी त्या दोघांना एका बाकावर पाहिलं, आणि नाना पुन्हा नाना झाला.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. आपला मराठवाडा नाथांच्या पैठणचा, भारुडांचा. तुमच्याही गावात वर्षानुवर्षं एकच सोंग घेणारे कोणी भारुडकर असतील. ते आले की मंडप भरतो, ते थकले की ‘आता त्यात राम राहिला नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. असं करू नका. ते उभे आहेत तोवर त्यांच्या शेजारी एखादी तरुण मुलगी, एखादा तरुण मुलगा उभा करा. आधी नुसतं मागं धरायला, मग एखादी ओळ, मग अर्धं भारूड. सोंगाची ओळख करून देताना माईकवर दोघांचीही नावं घ्या. नव्याचा पहिला दिवस पडणारच. पदर घसरेल, हशा जागेवर येणार नाही. तेव्हा उठून जाऊ नका, सप्त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा येऊन बसा. आणि सप्त्याच्या मंडळींना एवढं आधीच सांगून ठेवा, की शिकवणाऱ्याची बिदागी वेगळी काढायची आणि शिकणाऱ्याचीही वेगळी.

नमस्कार.