रूळ आहेत, मग नागपूरची लोकल कुठं अडली?

[गड्डीगोदाम, सकाळ. बोलणारा पुलाखाली उभा.]

नमस्कार मंडळी! जरा वर बघा. मी उभा आहे तो रस्ता. त्याच्यावर रेल्वेचे रूळ, रुळांवर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. चार मजले! पाहुणे आले की आपण त्यांना दीक्षाभूमी दाखवतो, फुटाळा दाखवतो आणि आता हेही दाखवतो. आज मात्र मला फक्त दुसऱ्या मजल्याबद्दल बोलायचंय. रुळांच्या.

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, मेट्रो आली, मग वर्ध्याची लोकल काऊन नाही येऊन राहिली? रूळ तर पणजोबाच्या काळापासून आहेत ना!"

म्हटलं, बाबू, रूळ आहेत म्हणूनच तर.

वरच्या मजल्यावर मेट्रोचं घर स्वतःचं आहे. मार्च 2019 मध्ये गाडी सुरू झाली, डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. त्या रुळांवर दुसरं कोणी येत नाही, म्हणून वेळापत्रक आखायचं आणि चालवायचं. खालच्या मजल्यावर मात्र एकत्र कुटुंब आहे. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाड्या, दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या, सगळ्या नागपुरातून जातात. शिवाय कोळशाच्या मालगाड्या. आपल्याकडचं ते डायमंड क्रॉसिंग, रुळावर रूळ आडवा, त्याचे फोटो आपण कौतुकानं पाठवतो. पण एक गाडी त्यावरून आडवी जात असताना दुसरीला थांबावंच लागतं. फोटोत ते दिसत नाही.

आता थोडं तांत्रिक. जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. त्यात एका रुळावर एका वेळी एकच गाडी. आपल्या महाल भागातल्या अरुंद बोळासारखं समजा: पुढचा हातठेला बाहेर पडल्याशिवाय मागच्यानं शिरायचं नाही. पुढे मालगाडी असेल तर मागची मेमू, म्हणजे जवळच्या गावांची विजेवरची गाडी, खोळंबली. स्वयंचलित सिग्नल लावले की त्याच बोळाचे तुकडे पडतात आणि गाड्या एकामागोमाग सोडता येतात. मुंबईला तीन-चार मिनिटांनी लोकल येते त्यामागे हे आहे. शिवाय तिकडे बऱ्याच ठिकाणी लोकलचे रूळ वेगळे आहेत.

एक गंमत सांगतो. नागपूर स्टेशनच्या दगडी इमारतीचं उद्घाटन झालं 15 जानेवारी 1925 ला. त्यानंतर 19 दिवसांनी, 3 फेब्रुवारीला, मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. एकाच हिवाळ्यात त्यांना लोकल मिळाली आणि आपल्याला जंक्शन. जंक्शन म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून देण्याची नोकरी!

गाडीचंही बघा. इंजिन लावलेली पॅसेंजर दर स्टेशनावर थांबून पुन्हा वेग घेताना रखडते, कारण सगळा जोर एकट्या इंजिनाचा. मेमूत साधारण चार डब्यांमागे एका डब्याला मोटर असते, तोंड फिरवायला इंजिन काढा-जोडायची भानगड नाही. उपनगरी गाडीची खरी परीक्षा टॉप स्पीडमध्ये नसतेच. थांबून किती लवकर निघते, यात असते.

2018 मध्ये ब्रॉडगेज मेट्रोचा, म्हणजे रेल्वेच्या मोठ्या रुळांवरच्या मेट्रोचा करार झाला, आठवतंय? आहे त्याच रुळांवरून वर्धा, काटोल-नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड. कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. पण माझं मत स्पष्ट आहे: आधी जागा, मग डबे. वर्ध्याकडे तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम हाती घेतलंय, ते कंटाळवाणं काम हीच खरी लोकल. माती टाका, पूल रुंद करा, फाटकं काढून भुयारी रस्ते करा. याच्या उद्घाटनाला गर्दी होत नाही.

[गाडीतून चित्रित. खिडकी.]

बरं, आता बसलोच आहोत तर बघा. अजनी गेलं, खापरी, गुमगाव, बुटीबोरी. इथवर डब्यात सगळे घड्याळ बघतात. बोरखेडी आलं की अपडाऊनवाल्यांचा पत्त्यांचा डाव रंगात येतो. चार जणांच्या गुडघ्यांवर एकच पेपर ताणून धरलेला, त्यावर पत्ते. गाडीनं ब्रेक मारला की राजा-राणी खाली आणि "मायाच हात होता तो!" म्हणून भांडण. फाल्गुनात बाहेर पळस पेटलेला असतो, पण डाव सोडून बघतो कोण. मग येतं सिंदी. या गावाला लोक नावासकट सिंदी रेल्वे म्हणतात. रेल्वेला आडनाव करून टाकलं गावानं, आणखी काय पाहिजे!

मला खरी चटक लागली ती मात्र इतवारी-नागभीडच्या छोट्या गाडीनं. अडीच फुटांचे रूळ. डबा इतका अरुंद की समोरच्या काकांचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागणारच, आणि गुडघे लागले की ओळख होणारच. भिवापूरला मिरचीची पोती चढली की अख्खा डबा शिंकायचा. एक आजी पदर नाकाला लावून म्हणाल्या होत्या, "पोरा, आता उमरेडपर्यंत रड." नोव्हेंबर 2019 मध्ये ती गाडी थांबली, मोठ्या रुळांसाठी. व्हायलाच पाहिजे होतं. तसली इंजिनं बघायची असतील तर मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जा. मिरची तेवढी तिथं नाही.

जाता जाता कामाची गोष्ट. वर्ध्याला सकाळी जाताना ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परत येतानाही डावीकडूनच, कारण गाडीचं तोंड फिरलेलं असतं. म्हणून थंडीत डावी खिडकी धरायची, मे महिन्यात उजवी. आमच्या डब्यात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मे महिन्यात उजवी खिडकी मला अजून एकदाही मिळालेली नाही.