टेक्स्ट फाइलसकट

(दृश्य : हातात एक जुनी सीडी. वर स्केचपेनने लिहिलेलं : ‘डूम लेव्हल्स’.)

ही सीडी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतली होती. पावती नाही, कव्हर नाही, वर हे दोन शब्द. आत शेकडो फाइली. प्रत्येक फाइल म्हणजे डूम या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या गेमसाठी कुणीतरी घरी बसून रचलेली नवी लेव्हल. कुणी रचली, ते कळायला काही मार्ग नव्हता. लेव्हलसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल देण्याची रीत होती आणि करणाऱ्याचं नाव तिच्यात असायचं. सीडी बनवणाऱ्याने त्या सगळ्या टेक्स्ट फाइली गाळून टाकल्या होत्या.

त्या पुढे मला एका जागी सापडल्या. ती जागा, आयडीगेम्स नावाचा फाइलींचा साठा, कशी उभी राहिली, ते या फिल्ममध्ये बघायचं आहे.

(दृश्य : हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम. अंक आणि अक्षरांच्या रांगा.)

जरा जवळून बघा. ही डूमची मूळ फाइल. पहिली चार अक्षरं : आय, डब्ल्यू, ए, डी. आता सीडीतली एक फाइल उघडू. इथे पी, डब्ल्यू, ए, डी. पी म्हणजे पॅच, वरून चढवायची फाइल. पुढचे चार बाइट सांगतात की आत किती तुकडे आहेत. त्यापुढचे चार सांगतात की त्यांची यादी कुठे सापडेल. १२ बाइटांत ओळख पूर्ण. खाली यादीत प्रत्येक तुकड्याचं नाव, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. थिंग्ज, म्हणजे राक्षस कुठे उभा आहे, काडतुसं कुठे पडली आहेत. लाइनडेफ्स, म्हणजे भिंत कुठून कुठे जाते. सेक्टर्स, म्हणजे जमीन किती वर, छत किती उंच.

टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी डूम आणला, तो थेट विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवून. गेम चालवणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि भिंती, राक्षस, आवाज हा सगळा ऐवज दुसरीकडे या वॅड (डब्ल्यू, ए, डी) फाइलीत, ही फारकत कंपनीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने मुद्दाम केली होती. आधीच्या वुल्फेनस्टाइन थ्रीडीतही लोक नव्या लेव्हल करायचे, पण त्यासाठी गेमच्या मूळ फाइलींवरच लिहावं लागायचं. डूममध्ये मूर्ती तीच, पोशाख तेवढा बदलायचा. कंपनीतही सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं. आपला गेम लोकांच्या हाती असा मोकळा द्यावा का, यावर तिथे मतभेद होते. मोकळा दिला, हे त्यांचं मोठेपण मी आजही मानतो.

एडिटर, म्हणजे लेव्हल रचायचा प्रोग्रॅम, मात्र कंपनीने दिला नाही. तो लोकांनी केला. जानेवारी १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबरने डीईयू नावाचा एडिटर खुला केला. बेल्जियमचा राफाएल किने त्याच्या सोबतीला आला.

(दृश्य : गेम चालू. राखाडी खोली. दार वर सरकतं.)

ही ओरिगवॅड. ७ मार्च १९९४. लोकांनी केलेली पहिली नवी लेव्हल म्हणून हिच्याकडे बोट दाखवतात. दोन खोल्या, मध्ये एक दार. इतकंच. दार उघडताना बघा.

यानंतर फाइलींचा नुसता पूर आला. बीबीएसवर, म्हणजे फोन लावून जोडायच्या संगणकांवर, विद्यापीठांच्या सर्व्हरवर, कुणाच्या तरी खात्याच्या कोपऱ्यात. एकाच नावाच्या दोन वेगळ्या लेव्हल, एकाच लेव्हलच्या चार आवृत्त्या. इंडियाना विद्यापीठातल्या एका सर्व्हरने काही काळ हा भार वाहिला, पण तो त्याला झेपेना. सगळ्यांसाठी एकच घर हवं होतं. ते मिळालं कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक सीडीरॉम या कंपनीच्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून फाइली चढवायच्या-उतरवायच्या जागी. ही मंडळी फ्रीबीएसडी, स्लॅकवेअर लिनक्स असं सॉफ्टवेअर सीडीवर भरून विकायची आणि तोच माल सर्व्हरवर फुकट ठेवायची. तिथे एक फोल्डर उघडला : आयडीगेम्स.

(दृश्य : काळ्या पडद्यावर फोल्डरांची यादी हळूहळू वर सरकते.)

ही रचना मी कितीदा पाहिली असेल, तरी मन भरत नाही. लेव्हल्स. त्यात डूम आणि डूम टू वेगवेगळे. त्या प्रत्येकात अक्षरांचे कप्पे : ए ते सी, डी ते एफ, असे शेवटपर्यंत. आकड्याने सुरू होणाऱ्या नावांना वेगळा कप्पा. अनेक लेव्हलच्या मोठ्या संचांना वेगळा, एकमेकांशी लढायच्या लेव्हलना वेगळा. वाण्याच्या दुकानातल्या डब्यांसारखं, हात घातला की वस्तू हाती.

नवी फाइल आली की आधी आवकच्या फोल्डरमध्ये पडायची. तिथून ती माणूस उचलायचा. आपोआप काही नाही. झिपचं नाव आठ अक्षरांत आहे का? त्याच नावाची टेक्स्ट फाइल सोबत आहे का? विकत घ्यायच्या गेमचा माल आत भरलेला नाही ना? दुसऱ्याची लेव्हल परवानगीशिवाय घेतलेली नाही ना? हे बघून झालं की फाइल ‘नवं’ या कप्प्यात, आणि काही दिवसांनी कायमच्या जागी. हे काम वर्षानुवर्षं केलं टाय हॅल्डरमन यांनी. टीमटीएनटी हा लेव्हल करणाऱ्यांचा गट, त्यातले ते. स्वतः करणारे होते, म्हणून दुसऱ्याच्या कामाला हात लावताना काय जपायचं ते त्यांना ठाऊक होतं. २०१५ मध्ये ते गेले.

(दृश्य : टेक्स्ट फाइल. कर्सर एकेका ओळीवर थांबतो.)

आणि हा तो नमुना. लेव्हलचं नाव. करणाऱ्याचं नाव. मदत कुणाकुणाची. एकट्याने खेळायची की चौघांनी. शून्यातून केली, की दुसऱ्या कशावर बेतली. कुठला एडिटर वापरला. माहीत असलेल्या चुका. किती वेळ लागला. आणि शेवटी परवानगी : माझ्या लेव्हलवरून इतरांनी नवी लेव्हल करावी, की करू नये. वाटायची असेल तर ही फाइल न बदलता सोबत द्यावी.

जागा काय, पैसे टाकले की मिळते. आयडीगेम्स टिकलं ते या एका कागदामुळे, असं माझं ठाम मत आहे. आज कुणी नव्या गेमसाठी असं घर बांधायला निघालं, तर पहिली चर्चा सर्व्हरच्या भाड्याची होते. नमुना कोण लिहिणार, हे कुणी विचारत नाही.

दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रती. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत एक प्रत, अथेन्सच्या तंत्रविद्यापीठात एक, आणखीही ठिकाणी. वॉलनट क्रीकचा सर्व्हर बंद झाला, तरी फोल्डर जसाच्या तसा उभा राहिला. ज्यांनी आपल्या लेव्हल फक्त जिओसिटीज या फुकट वेबपानं देणाऱ्या सेवेवरच्या स्वतःच्या पानावर ठेवल्या, त्यांची पानं २००९ मध्ये गेली.

(दृश्य : माझी सीडी ड्राइव्हमध्ये. शेजारी आयडीगेम्सची यादी.)

सीडीतल्या फाइलींची नावं मी एकेक करून इथे शोधली. बऱ्याच सापडल्या, टेक्स्ट फाइलसकट. ज्या लेव्हलमध्ये मी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली, ती करणाऱ्याचं नाव मला असं कळलं.

(दृश्य : नाशिक. टेबलावर लॅपटॉप, पाठमोरा मुलगा.)

हा माझा भाचा. अकरावीत आहे. पडद्यावर आहे तो अल्टिमेट डूम बिल्डर हा एडिटर. लेव्हलचं नाव ‘वाडा’. हा चौक, ही विहीर, ही ओसरी. ओसरीची पायरी २४ एककांपेक्षा उंच झाली की खेळणाऱ्याला चढता येत नाही, म्हणून त्याने एकीच्या दोन केल्या. मूळ डूममध्ये खोलीवर खोली रचता येत नाही. वाड्याला माडी नाही, ती म्हणून.

आता तो टेक्स्ट फाइल भरतोय. किती वेळ लागला : दिवाळीची सुट्टी आणि पुढचे पाच रविवार. कुठला एडिटर, लिहिलं. मदत कुणाची : आजोबांचं नाव, त्यांनी वाड्याचा नकाशा कागदावर काढून दिला होता. परवानगीच्या ओळीवर तो थांबलाय. ‘करावी’ आणि ‘करू नये’, दोन्ही शब्द नमुन्यात आहेत, एक खोडायचा.

त्याने ‘करू नये’ खोडलं.

झिप करून फाइल पाठवली, रात्री पावणेअकराला. हे चित्रण संपलं तेव्हा ती आवकच्या फोल्डरमध्ये होती.