वासाचं बिल वेगळं लावा

(कोल्हापुरात गाड्यांच्या वॉशिंग सेंटर चालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, पार कागल-गडहिंग्लजपासून तुम्ही आलाय. तुमच्या दरपत्रकावर फोमवॉश, अंडरबॉडी, पॉलिश, इंटिरिअर क्लिनिंग हे सगळं असतं. वासाचं काम बहुतेकांच्या दरपत्रकावर नसतं. तरी ते काम तुम्ही रोज करताय, फुकट करताय आणि अर्धवट करताय. गिऱ्हाईक किल्ली देता देता म्हणतं, "तेवढं वासाचं बघा की." संध्याकाळी पोरगं परफ्युमचे दोन फवारे मारतं आणि गाडी बाहेर निघते. चार दिवसांत मूळ वास परत येतो, परफ्युममध्ये मिसळून आणखी उग्र होऊन. मग ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्या दारात येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वास काढणं हे स्वतंत्र काम आहे. त्याला वेगळी तपासणी, वेगळा वेळ आणि वेगळा दर पाहिजे.

वास येतो म्हणजे कुठल्या तरी वस्तूतून सूक्ष्म कण हवेत सुटत असतात. ती वस्तू गाडीत आहे तोवर वरून काहीही मारा, वास राहणारच. म्हणून पहिलं काम शोधायचं. यात गाडीमालकाच्या सांगण्यावर पूर्ण विसंबू नका. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं, त्याला जाणवेनासा होतो. तुमच्या पोरांचंही तेच. दिवसभर शाम्पू आणि पॉलिशमध्ये वावरल्यावर संध्याकाळी त्यांना काय कळणार? तपासणी सकाळी करा, परफ्युमची बाटली आणि डॅशबोर्डवरची जेलची डबी आधी बाहेर काढून. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा. उष्णतेनं वास जास्त सुटतो. मग एकेक दार उघडून खाली वाकून हुंगा: मॅटखाली, सीटच्या फटीत, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात. शेवटी एसी लावून जाळीपाशी. नुसता एसी लावल्यावरच वास येत असेल तर सीट धुण्यात दिवस घालवू नका.

आपल्याकडच्या वासांची जात वेगळी आहे. हा दुधाचा जिल्हा. किटली गाडीत घालून डेअरीला नेणारी माणसं इथं गावोगाव आहेत, आणि किटली कधी ना कधी कलंडतेच. तीच गत पांढऱ्या रश्शाच्या डब्याची. मटणाचा अर्क आणि नारळाचं दूध, म्हणजे प्रथिनं आणि चरबी दोन्ही एकत्र. वरून पुसलं तरी ते कार्पेटखालच्या जाड नमद्यात, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या थरात, उतरलेलं असतं. तिथं ते आंबतं, चरबी कुजते आणि ओकारी आणणारा वास सुटतो. इथं साबणापेक्षा एन्झाइमचं क्लिनर कामाला येतं. त्यातला एक घटक प्रथिनं तोडतो, दुसरा चरबी. पण त्याला ओलावा आणि वेळ लागतो. फवारलं आणि लगेच पुसलं तर पैसे वाया. उकळतं पाणी किंवा ब्लीच त्यावर ओतलं तर एन्झाइम निकामी होतं. बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, मग एक्स्ट्रॅक्शन मशिननं, म्हणजे ओल आणि मळ शोषून घेणाऱ्या मशिननं, ओढून काढा. जास्त सांडलं असेल तर सीट खोलून कार्पेट उचलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं.

आता पावसाळा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं आपल्या धंद्याचा स्वतःचाच हात आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमट असते. गगनबावड्याहून भिजून आलेली मंडळी, ओले रेनकोट, ओली मॅट, आणि काचा बंद. ओल राहिली तर एक-दोन दिवसांतही बुरशी धरायला लागते. अशा हवेत आपण सीटला शाम्पू मारतो, वरवर ओढून घेतो आणि "घरी जाऊन काचा उघड्या ठेवा" सांगून ओली गाडी ताब्यात देतो. पावसात काचा कोण उघड्या ठेवणार? आठवड्यानं तो कुबट वासाची तक्रार घेऊन येतो. तो वास आपण दिलेला असतो. त्यामुळं माझं स्पष्ट मत आहे: पावसाळ्यात गाडी त्याच दिवशी परत द्यायची असेल तर शाम्पूवॉश घेऊ नका. व्हॅक्युम करा, ओलसर फडक्यानं पुसा, एवढंच. शाम्पू करायचाच असेल तर गाडी रात्रभर ठेवून घ्या, बंद खोलीत ब्लोअर आणि हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर लावा, आणि त्या मुक्कामाचे पैसे घ्या. पाणी आत येतंय कुठून तेही बघा. दाराच्या तळाची भोकं, सनरूफच्या नळ्या, पुढच्या काचेखालची जाळी पाल्यानं तुंबली की पाणी कार्पेटखाली साठतं. ते न बघता वास काढणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

एसीचा वास वेगळाच. गार कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. त्यात धूळ बसते आणि जंतूंचा चिकट थर चढतो. पुष्कळ गाड्यांत केबिन फिल्टर डॅशबोर्डच्या खणामागं असतो. आधी तो काढून गिऱ्हाइकाला हातात द्या, पुढचं बोलावं लागत नाही. फिल्टर बदला, कॉइलसाठी मिळणारा फोम मारा, पाणी जायची नळी मोकळी आहे का बघा. आणि गिऱ्हाइकाला एक सवय सांगा: मुक्कामी पोचायच्या काही मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल सुकते.

सिगारेटचा वास काढताना छत विसरू नका. डांबरासारखा चिकट थर तिथं आणि काचांवर बसतो. पण छताचं कापड गोंदानं चिकटवलेलं असतं. भरपूर पाणी मारलंत तर ते लोंबायला लागेल आणि नवं छत तुमच्या खिशातून जाईल.

ओझोन वायू सोडून वास मारणाऱ्या मशिनबद्दल तुम्ही विचारणार हे माहीत आहे. ते मशिन काम करतं, पण सगळं साफ झाल्यावर, उरलेल्या वासापुरतं. ओझोन पृष्ठभागावर काम करतो. नमद्यात मुरलेल्या दुधापर्यंत तो पोचत नाही. शिवाय तो फुप्फुसाला घातक आहे. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी कमी आहे, आणि तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं स्पष्ट सांगितलंय की माणसाला सुरक्षित एवढ्या प्रमाणात ओझोन वास काढायला फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे वास जाईल इतका ओझोन सोडलात तर आत माणूस नकोच. मशिन चालू असताना पोरगं मोबाईल घ्यायला म्हणून दार उघडतं, हे मला अजिबात चालत नाही. दारावर पाटी लावा, मशिन बंद झाल्यावर सगळी दारं उघडून गाडी मोकळ्या हवेत ठेवा, मगच कुणी आत बसायचं. फार वेळ चालवलंत तर दाराच्या रबराला चिरा जातात, हेही लक्षात असू द्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तशा पुरात बुडालेल्या गाड्या पुढं जुन्या बाजारात फिरतात आणि कुणीतरी त्या तुमच्याकडं "फक्त वास काढा" म्हणून आणतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यात गाळ सापडतो. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज असतो. पुराच्या पाण्यात गटारही असतं, आणि सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. अशी गाडी आधी मेकॅनिककडं पाठवा. ती विकायची आहे असं कळलं तर वास काढून देऊ नका. तुमच्या हातानं ती कुणा घरच्या माणसांच्या गळ्यात पडेल.

दराचं सांगतो. तपासणीची छोटी रक्कम घ्या आणि काम केलंत तर ती बिलात वळती करा. तिथून पुढं दर गाडीच्या आकारावर ठेवू नका. वास कशाचा आहे आणि गाडी किती वेळ तुमची जागा अडवणार, यावर ठेवा. एसीचं काम काही तासांचं, सांडलेल्या दुधाचं दोन दिवसांचंही असू शकतं. बिलावर तीन गोष्टी लिहा: वास कुठून येत होता, काय केलं, आणि काय राहिलं. गाडीचं छप्पर गळत असेल आणि गिऱ्हाइकानं दुरुस्ती नाकारली असेल तर तेही लिहून सही घ्या. आठवड्यानं फोन करून गाडी पुन्हा बोलवा, काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा, आणि दार गिऱ्हाइकाला उघडायला सांगा.