पणजीचा पिन: ४०३००१

पणजीचा पत्ता लिहिला की शेवटी येतं ४०३००१. पिन कोड सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ला. पहिले तीन अंक वाचून पत्र गोव्याकडे वळतं, पुढचे तीन पोस्टाचे. टपालखात्याला एवढं पुरतं. आपण जरा छळू या संख्येला: चार लाख तीन हजार एक, हिला कशानं भाग जातो?

आधी शेजारी बघू. वास्को, ४०३८०२: सम, दोननंच निकाल लागला. फोंडा, ४०३४०१: अंकांची बेरीज १२, म्हणजे तीननं भाग जातो. मडगाव मात्र थोडा दम धरतं. इथं ७ × ११ × १३ = १००१ हे कामाला येतं. सहा अंकांचे तीन-तीनचे दोन तुकडे पाडायचे आणि वजाबाकी करायची; फरकाला ७, ११ किंवा १३नं भाग गेला, तर पूर्ण संख्येलाही जातो. ४०३६०१चे तुकडे ६०१ आणि ४०३. फरक १९८, तो अकराच्या पाढ्यातला. मडगाव गेलं. म्हापसा, ४०३५०७: फरक १०४, म्हणजे १३ × ८. तेही गेलं. तसं गोव्याच्या पिनला तेराची कसोटी याहून सोपी आहे. ४०३ म्हणजेच १३ × ३१, त्यामुळे शेवटचे तीन अंक तपासले की १३ आणि ३१ दोन्ही उरकतात.

पणजीचा फरक ४०२. सात, अकरा, तेरा, कुणाचाच भाग जात नाही. मग तपासायचं कुठवर? ६३४चा वर्ग ४०१९५६, ६३५चा ४०३२२५. अवयव असलाच तर जोडीतला लहान ६३४च्या आतच सापडणार. तिथवर मूळ संख्या आहेत ११५. शंभरपर्यंत बघून हात झटकणारे इथंच फसतात.

दुसरा फास ४३९चा. दोनच दशांश दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं ९१८.००. सापडला अवयव! आता उलट गुणा: ४३९ × ९१८ = ४०३००२. एकानं हुकलं, खरा भागाकार ९१७.९९७७... आहे. म्हणून दशांशावर विसंबू नये, बाकी काढावी.

११५पैकी एकीनंही भाग जात नाही. ४०३००१ मूळ आहे. ४०३००३ सुद्धा मूळ, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी. मधली ४०३००२ मात्र २ × ३³ × १७ × ४३९ अशी फुटते. (अंक उलटे केले तर १००३०४, सम. तिथं काही हाती लागत नाही.)

४०३००१ला चारनं भागल्यावर बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ते वर्ग एकाच प्रकारे मिळतात. फेर्मानं सतराव्या शतकात हे सांगितलं, ऑयलरनं अठराव्यात सिद्ध केलं. पणजीचे वर्ग ५६० आणि २९९चे: ३१३६०० + ८९४०१. कागदावर ५६ सेंटीमीटर आणि २९.९ सेंटीमीटरच्या बाजू काटकोनात आखा. कर्णावरच्या चौरसाचं क्षेत्रफळ भरेल ४०३००१ चौरस मिलिमीटर.