अपडेटनंतर प्लग घरातला आदेश का ऐकत नाही?

नमस्कार मंडळी. आजचा विषय एका ठरावीक तक्रारीचा आहे. रात्री वायफायवरून चालणाऱ्या स्मार्ट प्लगचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होतं. सकाळी कंपनीच्या अ‍ॅपमधून तो नीट चालू-बंद होतो, पण घरातल्याच सर्व्हरवरून, म्हणजे होम असिस्टंट किंवा ओपनहॅब या घरगुती ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरवरून दिलेला आदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्लग बिघडलेला नसतो, वायफायही ठीक असतं. आदेश स्वीकारण्याची पद्धत तेवढी बदललेली असते, आणि अपडेटच्या माहितीत मात्र 'सुरक्षा आणि स्थैर्यात सुधारणा' एवढीच ओळ असते.

हे का होतं ते समजायला टीपी-लिंकचे जुने कासा प्लग घेऊ. एचएस१०० आणि एचएस११० हे प्लग टीसीपी पोर्ट ९९९९ वर आदेश ऐकायचे (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून संदेश घेण्याची क्रमांक दिलेली खिडकी). आदेश म्हणजे जेसॉन या मांडणीतला साधा मजकूर. सुरुवातीला चार बाइटमध्ये त्याची लांबी, आणि पुढचा प्रत्येक बाइट त्याच्या आधीच्या रूपांतरित बाइटशी एक्सॉर केलेला (म्हणजे सहज उलटवता येणाऱ्या गणिती क्रियेने झाकलेला). पहिल्या बाइटसाठी ठरलेली संख्या १७१, सगळ्या प्लगांना तीच. पासवर्ड नाही, खातं नाही. त्या वायफायवर असलेला कोणताही फोन, किंवा मालवेअर शिरलेला एखादा टीव्ही बॉक्स, रिले (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) फिरवू शकत होता. २०१६ मध्ये सॉफ्टशेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ही रचना उलगडून मांडली, आणि त्याच माहितीचा आधार घेऊन पुढे घरगुती ऑटोमेशनची साधनं तयार झाली.

इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. ज्या वाटेने आपण प्लगला आदेश देत होतो ती वाट उत्पादकाने आपल्याला दिलेलीच नव्हती. सुरक्षेच्या दृष्टीने ती त्रुटी होती. २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या काही एचएस१०० आणि एचएस११० प्लगांना फर्मवेअर १.१.० मिळालं आणि पोर्ट ९९९९ बंद झालं. कारण सुरक्षेचंच होतं. ओरड झाल्यावर कंपनीने मागणाऱ्यांना लोकल, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरूनच चालणारं, नियंत्रण परत देणारं वेगळं फर्मवेअर देऊ केलं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये लॉजिटेकच्या हार्मनी हब या रिमोट-केंद्राबाबतही असंच घडलं होतं. ४.१५.२०६ या फर्मवेअरने लोकल वाट बंद केली आणि विरोधानंतर ती वेगळ्या स्वरूपात परत आली.

माझं मत स्पष्ट आहे. दाराला कुलूप बसवलं ते योग्यच केलं, पण किल्ली घरमालकाच्या हाती द्यायला हवी होती. उघडं पोर्ट बंद करण्याआधी पासवर्ड असलेली, लिहून जाहीर केलेली लोकल वाट देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. शेली या कंपनीचे प्लग ती देतात. त्यांच्या दुसऱ्या पिढीपासून एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्याच पद्धतीने, आरपीसी आदेश जातात, पासवर्ड लावता येतो, एमक्यूटीटी ही उपकरणांमधली संदेशपद्धत चालते, आणि हे सगळं उत्पादकाच्याच दस्तऐवजात आहे. अशा ठिकाणी अपडेटने काही मोडलं तर ती उत्पादकाची चूक ठरते आणि ती दुरुस्त होण्याची शक्यता असते. अनधिकृत वाट मोडली, तर दाद मागायला जागाच नसते.

आता तुमचा प्लग ऐकेनासा झाला असेल तर तपास कसा करायचा ते पाहू. घाईघाईने प्लग रीसेट करू नका. रीसेट केल्यावर काही प्लगांची किल्ली, म्हणजे आदेश देण्यासाठी लागणारा गुप्त कोड, बदलते आणि एकाच्या दोन अडचणी होतात.

पहिली चाचणी: राउटरमधून इंटरनेटची केबल काढा, वायफाय चालू ठेवा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरलं तर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि चाचणी फसते. आता कंपनीच्या अ‍ॅपमधून प्लग चालू-बंद करून पाहा. चालला, तर लोकल वाट अजून आहे, तिची भाषा तेवढी बदलली आहे. चालला नाही, तर लोकल वाट बहुधा पूर्ण बंद झाली आहे. एक सावधगिरी: काही अ‍ॅप इंटरनेटशिवाय उघडतच नाहीत. म्हणून अ‍ॅप आधी उघडून ठेवा आणि मग केबल काढा.

दुसरी चाचणी पोर्टची. उघडी पोर्ट शोधणारं एनमॅपसारखं साधन प्लगच्या आयपी पत्त्यावर चालवा. जुन्या कासाचं पोर्ट ९९९९, तुयाच्या (अनेक ब्रँडच्या प्लगांमागची कंपनी) प्लगांचं ६६६८, शेलीचं ८०, बेल्किनच्या वेमोचं बहुधा ४९१५३. टीपी-लिंकच्या नव्या फर्मवेअरमध्ये ९९९९ बंद आणि ८० उघडं दिसतं, आणि नेटवर्कवर प्लग शोधण्याचे संदेश यूडीपी पोर्ट २०००२ वर जातात. उत्तर कसं येतं तेही बघा. जोडणी लगेच नाकारली गेली, तर प्लग जागेवर आहे आणि ते पोर्ट बंद आहे. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर आधी फायरवॉल, व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) आणि बदललेला आयपी पत्ता तपासा. अपडेटनंतर प्लग रीबूट होतो, डीएचसीपीकडून (राउटरमधली पत्ते वाटणारी सेवा) नवा पत्ता घेतो, आणि दोष फर्मवेअरला दिला जातो. हे फार वेळा घडतं. प्रत्येक प्लगला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवला की हा घोळच होत नाही.

तिसरी पायरी सर्व्हरच्या नोंदींची. टीपी-लिंकच्या नव्या क्लॅप पद्धतीत दोन टप्प्यांचा हॅण्डशेक (एकमेकांची ओळख पटवणं) होतो आणि त्यानंतर एईएस-१२८ ने एनक्रिप्ट केलेले आदेश जातात. हॅण्डशेकसाठी कंपनीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड यांचा हॅश (त्यांच्यापासून गणिताने काढलेला ठसा) लागतो. त्यामुळे नोंदीत 'प्रमाणीकरण अयशस्वी' दिसलं तर पोर्ट ठीक आहे, ओळख चुकते आहे. ईमेलमधलं लहान-मोठं अक्षरही हॅशमध्ये मोजलं जातं, म्हणून खातं उघडताना जसा लिहिला होता तसाच ईमेल द्या. खात्याचा पासवर्ड बदलला असेल, तर इंटरनेट तोडलेल्या प्लगकडे जुनाच हॅश राहिलेला असू शकतो. टीपी-लिंकच्या टॅपो अ‍ॅपमध्ये इतर कंपन्यांच्या सेवांशी सुसंगतता चालू करणारा एक पर्यायही आहे. नव्या फर्मवेअरवर तो बंद असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही जोडणी होत नाही. तो आधी बघा, बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

तुयाची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक उपकरणाला सोळा अक्षरांची लोकल किल्ली असते आणि पेअरिंग (उपकरण खात्याशी जोडणं) पुन्हा केलं की ती बदलते. प्रोटोकॉलच्या आवृत्त्या ३.१, ३.३, ३.४, ३.५ अशा आहेत. ३.३ मध्ये किल्ली थेट वापरली जाते. ३.४ पासून आधी सत्रासाठी वेगळी किल्ली ठरवली जाते, आणि ३.५ मध्ये एनक्रिप्शनची पद्धतही बदलून एईएस-जीसीएम झाली. अपडेटने आवृत्ती वर गेली आणि तुमच्या सर्व्हरवर जुनीच लिहिलेली असली, तर टीसीपी जोडणी होते पण उत्तर उलगडत नाही. आकडा बदलला की काम होतं, किल्ली नव्याने काढावी लागत नाही. शिवाय यातली बरीच उपकरणं एका वेळी एकच लोकल जोडणी स्वीकारतात. अ‍ॅप त्याच वायफायवर उघडं असेल तर सर्व्हरची जोडणी तुटत राहते.

आता प्रतिबंध. अ‍ॅपमधला स्वयंचलित अपडेट बंद करणं ही पहिली पायरी, पण तेवढ्यावर विसंबू नका. खात्रीचा उपाय म्हणजे राउटरवर त्या प्लगांचं बाहेरचं इंटरनेट बंद करणं. एखाददुसरा डोमेन अडवून भागत नाही. प्लगांचा वेगळा व्हीलॅन करा, सर्व्हरकडून प्लगकडे जाणारी जोडणी चालू ठेवा, प्लगकडून घरातल्या इतर यंत्रांकडे नवी जोडणी बंद करा. घड्याळासाठी यूडीपी पोर्ट १२३ वर एनटीपी (वेळ जुळवणारी सेवा) लागतं. ते राउटरवरच पुरवता आलं तर उत्तम, नाहीतर प्लगमधली वेळापत्रकं आणि रोजच्या युनिटांची मोजणी चुकायला लागते. शोधाचे प्रसारित संदेश व्हीलॅन ओलांडत नाहीत, म्हणून सर्व्हरवर प्रत्येक प्लगचा पत्ता हाताने भरा.

तुयाच्या प्लगांबाबत एक खास अडचण आहे. इंटरनेट अडवलं पण डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) उत्तरं मिळत राहिली, तर ते प्लग कंपनीचा सर्व्हर शोधत अडकून बसतात आणि लोकल आदेशांनाही उत्तर देत नाहीत. तिथे डीएनएससुद्धा बंद करावं लागतं, अगदी राउटरच्या स्वतःच्या डीएनएसकडे जाणारं देखील.

पण अपडेट कायमचे बंद ठेवा, असं मी सांगणार नाही. नेटवर्कवरच्या उपकरणातली खरी सुरक्षात्रुटी दुरुस्त व्हायलाच हवी. सारख्या मॉडेलचे अनेक प्लग असतील तर ज्यावर फारसं काही अवलंबून नाही असा एकच निवडा, फक्त त्याचं इंटरनेट उघडा, अपडेट करा, आठवडाभर वापरून पाहा. अपडेटच्या आधी मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती आणि फर्मवेअर आवृत्ती लिहून ठेवा. एकाच नावाच्या प्लगमध्ये हार्डवेअर आवृत्तीनुसार वेगळं फर्मवेअर असतं, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' या उत्तराचा उपयोग होत नाही. बहुतेक प्लगांवर जुन्या फर्मवेअरकडे परतता येत नाही, कारण अ‍ॅप तो पर्यायच देत नाही आणि कंपनीची डिजिटल सही नसलेली फाइल प्लग घेत नाही. अपडेटनंतर रीबूट होताना रिले क्षणभर सुटू शकतो, आणि वीज आल्यावर तो कोणत्या स्थितीत उभा राहील याची सेटिंगही बदललेली असू शकते. फ्रीजर किंवा पंप त्या प्लगवर असेल तर आधी तो काढा. राउटरला वीज देणारा प्लग तर कधीच दूरवरून अपडेट करू नये. तो बंद राहिला की परत चालू करण्याचा आदेश पोहोचवायला नेटवर्कच उरत नाही.

ज्यांना पूर्ण ताबा हवा त्यांच्यासाठी टास्मोटा आणि ईएसपीहोम ही मूळच्या जागी बसवायची खुली फर्मवेअर आहेत. पूर्वी इएसपी८२६६ चिप असलेल्या अनेक तुया प्लगांवर वायफायवरूनच हे फर्मवेअर चढवता यायचं. ती वाटही अपडेटनेच बंद केली, आणि नव्या प्लगांत बीके७२३१ जातीच्या चिप आल्या. त्यांच्यासाठी ओपनबेकन किंवा लिब्रेटायनी हे तसलंच साधन लागतं. केबलने चढवायचं असेल तर हे नियम पाळा. प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे, अपवाद नाही. आतला वीजपुरवठा घरातल्या मुख्य विजेपासून विलग नसतो, त्यामुळे सीरियल केबल जोडलेली असताना प्लग भिंतीत लावला तर जिवाला धोका आहे आणि संगणकही जळेल. यूएसबी सीरियल अ‍ॅडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या. एका बाजूची टीएक्स (पाठवणारी) पिन दुसऱ्या बाजूच्या आरएक्स (घेणाऱ्या) पिनला जोडा, इएसपी८२६६ वर जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला धरून वीज द्या. सगळ्यात आधी मूळ फ्लॅशची (चिपमधल्या स्मृतीची) संपूर्ण प्रत काढा. नवं फर्मवेअर बसल्यावर वीजमोजणीचं कॅलिब्रेशन करा, कारण मोजणीचे घटक प्रत्येक नगात थोडे वेगळे असतात. हीटरसारखा साधा रोधक भार लावा, खात्रीच्या मीटरवर व्होल्ट, अँपिअर आणि वॅट वाचा, आणि तेच आकडे टास्मोटात भरा.

कायद्यातही हालचाल आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड देण्यास मनाई आहे आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे सांगावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा मुख्यत्वे ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. त्यात आपल्या विषयाला थेट भिडणारी तरतूद आहे: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षा अपडेट आणि नव्या सुविधांचे अपडेट वेगळे द्यायचे. सुरक्षेच्या नावाखाली सुविधा काढून घेण्याला यामुळे थोडा तरी आळा बसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण ग्राहकाने अपडेटवर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर अपडेट घेतल्याची शिक्षा त्याला होता कामा नये.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर देतो: मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं सामायिक मानक) असलेला प्लग घेतला तर हा त्रास संपतो का? बराचसा संपतो. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. त्यातली लोकल वाट मानकाचाच भाग आहे, आणि एकच प्लग कंपनीच्या अ‍ॅपला आणि तुमच्या सर्व्हरला एकाच वेळी जोडता येतो. पण वीजमोजणी मानकात आली ती १.३ मध्ये, २०२४ साली, म्हणून जुन्या मॅटर प्लगमध्ये सर्व्हरला फक्त चालू-बंद दिसू शकतं. नेटवर्कवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) आणि मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना संदेश) चालू हवं. राउटरमध्ये यातलं एखादं बंद असेल तर प्लग जोडणीच्या वेळीच अडतो. आणि प्लगवर छापलेला अकरा आकडी कोड भिंतीत लावण्याआधी फोटो काढून ठेवा. रीसेटनंतर तोच लागतो, आणि एकदा प्लग कपाटामागच्या सॉकेटमध्ये गेला की तो वाचता येत नाही.